नाग : देव्हाऱ्यातला, पडद्यावरचा आणि बांधावरचा

(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धर्म, विज्ञान आणि लोकरंजन हे तीन विषय एकत्र आले म्हणजे चर्चा बहुधा फार उंचावरून सुरू होते. विश्वाची उत्पत्ती, ईश्वराचे अस्तित्व, पाश्चात्त्य व पौर्वात्य विचार अशा शिखरांवरून ती फिरते आणि सभा संपली की श्रोते होते तेथेच असतात. गावाच्या चावडीवर हे तीन विषय इतक्या उंचीवर भेटत नाहीत. तेथे ते रोजच्या व्यवहारात, एकमेकांत मिसळलेले असे भेटतात. म्हणून आज एका साध्या उदाहरणाचा आधार घेणे इष्ट ठरेल. ते उदाहरण आहे नागाचे.

श्रावण शुद्ध पंचमीला घरोघरी भिंतीवर किंवा पाटावर नागाचे चित्र काढले जाते, स्त्रिया वारुळाला जाऊन दूध-लाह्या वाहतात. तोच नाग चित्रपटाच्या पडद्यावर पुंगीच्या सुरावर डोलतो, मनुष्यरूप घेतो आणि सूड उगवितो. आणि तोच नाग पावसाळ्यातील एखाद्या रात्री गोठ्याच्या कडेला किंवा शेताच्या बांधावर कोणाच्या तरी पायाखाली येतो. प्राणी एक, पण त्याची रूपे तीन. पहिले रूप श्रद्धेचे, दुसरे करमणुकीचे आणि तिसरे निसर्गाचे. ज्या घटकेला ही तीन रूपे एकमेकांत मिसळतात, त्या घटकेला माणसाचा जीव धोक्यात येतो.

हा धोका किती मोठा आहे, हे आकड्यांवरून ध्यानात येईल. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्यू पावली. वर्षाची सरासरी सुमारे अठ्ठावन्न हजार. यांतील चतुर्थांशाहून अधिक मुले पंधरा वर्षांखालील होती. बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागात झाले, आणि त्यांतील पुष्कळसे रुग्णालयात नव्हे, तर घरीच झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. उपेक्षित हा शब्द येथे अचूक आहे. कारण हे मरण शेतकऱ्याचे, शेतमजुराचे आणि जमिनीवर झोपणाऱ्याचे आहे.

श्रद्धेचा अर्थ

प्रथम श्रद्धेच्या रूपाचा विचार करू. नागपंचमीला शेत नांगरू नये, जमीन खणू नये, काही चिरू नये, तळू नये असा संकेत महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. नांगराच्या फाळाने नागाची पिल्ले मारली गेल्याची कहाणी या सणाशी जोडलेली आहे. ही कहाणी ऐकणाऱ्या कोणाही शेतकरी कुटुंबाला तिचे मर्म समजते. ज्या जमिनीवर आपण पोट भरतो, तीवर आणखी कोणाचा तरी निवारा आहे, हे वर्षातून एकदा स्मरण्याचा तो दिवस आहे. उंदरांचा फडशा पाडून धान्य राखणाऱ्या प्राण्याविषयी कृषिसंस्कृतीने व्यक्त केलेली ती कृतज्ञता आहे. या भावनेची टवाळी करणे हे विज्ञाननिष्ठेचे लक्षण मानण्याचे कारण नाही.

परंतु श्रद्धेची भाषा ही रूपकाची भाषा असते, हे आपल्याच परंपरेने आपल्याला शिकविले आहे. संत एकनाथांच्या भारुडातील विंचू हा अंगणातला विंचू नव्हे. तो काम-क्रोधाचा विंचू आहे, आणि त्यावर सांगितलेला सत्त्वगुणाचा उतारा हा मनाच्या व्याधीवरचा उतारा आहे. सोळाव्या शतकातील श्रोत्यांनाही हा भेद कळत होता. रूपकातील विषावर रूपकातील औषध चालते. खऱ्या विषाला खरे औषध लागते. हा भेद पुसला गेला म्हणजे श्रद्धेचेही नुकसान होते आणि रुग्णाचेही.

श्रद्धेच्या नावाने प्रत्यक्ष नागाचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. साप हा मांसाहारी प्राणी आहे. दूध हे त्याचे अन्न नाही. गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो असे जे दिसते, त्याचे कारण त्याला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेले असते, हे आहे. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी समोर येईल तो द्रव पितो, आणि ते दूध त्याला अपायकारक ठरते. म्हणजे ज्याची पूजा करावयाची, त्यालाच यातना द्यावयाच्या, अशी ही विसंगती आहे. सांगली जिल्ह्यातील शिराळा हे गाव जिवंत नागांच्या पूजेसाठी प्रसिद्ध होते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आदेश यांमुळे तेथील जिवंत नागांचे खेळ व मिरवणुका यांना आळा बसला आणि प्रतिमेच्या पूजेने सण साजरा होऊ लागला. सण राहिला, भक्तिभाव राहिला. प्राण्याचे हाल तेवढे थांबले. धर्म आणि कायदा यांचा मेळ कसा घालता येतो, याचे हे एक बोलके उदाहरण होय.

पडद्यावरचा नाग

दुसरे रूप करमणुकीचे. १९५४ साली ‘नागिन’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यातील बीनच्या सुरांनी देशाला वेड लावले. गावोगावच्या लग्नाच्या वरातींत बँडवाले आजही ती सुरावट वाजवितात. गंमत अशी की, तो सूर पुंगीचा नव्हताच. संगीतकार हेमंतकुमार यांच्या त्या चित्रपटासाठी कल्याणजी विरजी शहा यांनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यातून तो आवाज काढला होता. ज्या सुरावर नाग डोलतो असे कोट्यवधी प्रेक्षकांनी मानले, तो सूर एका यंत्राचा होता.

पुढे १९७६ साली त्याच नावाचा दुसरा चित्रपट आला. त्यात जोडीदाराच्या हत्येचा सूड घेणारी इच्छाधारी नागीण होती. १९८६ साली ‘नगीना’ आला. दूरचित्रवाणीच्या मालिकांनी ही परंपरा पुढे अखंड चालविली आहे. कलावंताला कल्पनेचे स्वातंत्र्य आहे आणि ते असावेच. तथापि कल्पना ही माहिती म्हणून स्वीकारली गेली की प्रश्न निर्माण होतो. सापाला बाह्य कान नसतो, कानाचा पडदाही नसतो. जमिनीतून येणारी कंपने तो जबड्याच्या हाडांवाटे जाणतो; हवेतून येणारे खालच्या पट्टीतील काही आवाजही त्याला जाणवू शकतात. परंतु पुंगीपुढे तो डोलतो, ते संगीताच्या गोडीने नव्हे. डोळ्यांसमोर हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवण्यासाठी व स्वतःच्या बचावासाठी तो तसे करतो. मारणाऱ्याची छबी त्याच्या डोळ्यांत उमटत नाही, तो कोणाचा वर्षानुवर्षे पाठलाग करीत नाही आणि त्याच्या मस्तकात मणीही नसतो.

शाळेतील शिक्षकांनी या बाबतीत एक साधी गोष्ट करावी. मुलांना चित्रपट पाहू नका असे सांगण्यापेक्षा, पाहिलेल्या चित्रपटावर त्यांना प्रश्न विचारू द्यावेत. नाग मनुष्य झाला तर त्याच्या वजनाचे काय झाले? चावलेले विष सापाने परत शोषून घेतले, तर ते रक्तातून वेगळे कसे झाले? प्रश्न विचारणारे मूल चित्रपटाचा आनंद गमावीत नाही. ते केवळ फसण्याचे थांबते.

बांधावरचा नाग

आता तिसरे रूप. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी विषारी जाती सुमारे साठ. माणसाच्या वस्तीजवळ राहून सर्वाधिक मृत्यू घडविणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते. पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती नष्ट होते. घोणसच्या दंशात मूत्रपिंडे निकामी होण्याचाही धोका असतो.

यांत मण्यार विशेष फसवी. ती रात्री वावरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची वेदना फारशी होत नाही, खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, मूल कण्हू लागते. घरचे म्हणतात, बाधा झाली असेल, काही तरी खाण्यात आले असेल. देवऋषी येतो, अंगारा लागतो. तोवर पापण्या मिटू लागतात. त्या घरातील आईबापांच्या प्रेमात काहीच उणे नसते. उणी असते ती एका माहितीची, आणि वेळ तर निघून गेलेली असते.

मांत्रिकाच्या यशाचे गणित

येथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो प्रामाणिक आहे. मंत्राने साप उतरत नसेल, तर आमच्या गावच्या मांत्रिकाने इतकी माणसे कशी वाचविली? या प्रश्नाला हसून चालणार नाही. त्याचे उत्तर दिले पाहिजे.

उत्तर गणिताचे आहे. धामण, दिवड, तस्कर, कवड्या यांसारखे बिनविषारी साप चावण्याचे प्रकार पुष्कळ घडतात. कवड्या तर दिसण्यात मण्यारीसारखाच. शिवाय विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. काही दंश कोरडे असतात. समजा, एका मांत्रिकाकडे शंभर माणसे आली आणि त्यांपैकी ऐंशी जणांच्या शरीरात विष गेलेलेच नव्हते. ते ऐंशी जण मंत्रावाचूनही वाचलेच असते. परंतु वाचलेले ऐंशी जण गावोगावी मांत्रिकाचे गुण गातात, आणि उरलेल्यांपैकी जे दगावले, ते काही सांगावयास येत नाहीत. त्यांच्याविषयी आयुष्य सरले होते, उशिरा आणले, पथ्य मोडले, असे म्हटले जाते. यश मंत्राचे आणि अपयश नशिबाचे, अशी ही जमाखर्चाची वही असते. कोणत्याही ग्रामपंचायतीच्या लेखापरीक्षणात अशी वही मान्य होणार नाही.

कडुनिंबाचा पाला कडू लागतो का, मिरची तिखट लागते का, यावरून विष चढल्याची परीक्षा करण्याची रीत अनेक गावांत आहे. तिचा रक्तातील विषाशी संबंध नाही. याउलट प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी एक चाचणी पाहा. रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवतात. नळी तिरपी केल्यावर रक्त गोठलेले नसेल, तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाचा संशय बळावतो. एक नळी आणि एक घड्याळ, एवढेच साहित्य. त्यातून मिळणारे उत्तर गरीब-श्रीमंत, हिंदू-मुसलमान, आस्तिक-नास्तिक अशा सर्वांसाठी एकच असते. विज्ञानाची धर्मनिरपेक्षता म्हणतात ती हीच.

औषधाची कथा

सर्पविषावरील औषधाचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी प्राण्यांना विषाच्या अल्प मात्रा देऊन त्यांच्या रक्तात निर्माण होणाऱ्या प्रतिद्रव्यांचा उपयोग करून दाखविला. आजही घोड्यांना अशा मात्रा देऊन त्यांच्या रक्तापासून प्रतिसर्पविष तयार केले जाते. मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेचे या कार्यातील स्थान सर्वज्ञात आहे. १८९९ साली प्लेगच्या लशीसाठी तेथे आलेल्या या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले. भारतात वापरले जाणारे प्रतिसर्पविष उपरोक्त चारही सापांच्या विषावर एकत्रितपणे चालते. त्यामुळे चावलेला साप मारून रुग्णालयात नेण्याची आवश्यकता नसते.

या औषधासाठी लागणारे विष कोठून येते? त्याचा मोठा भाग तमिळनाडूतील इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतो. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणाऱ्या या जमातीचा उदरनिर्वाह कातड्याच्या व्यापारावरील बंदीने संकटात आला होता. १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेने त्यांच्या पारंपरिक कौशल्याला नवा मार्ग दिला. साप पकडावयाचा, विष काढावयाचे आणि त्याला पुन्हा रानात सोडावयाचे. वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुला सर्पतज्ज्ञांना २०२३ साली पद्मश्री किताब देण्यात आला. परंपरा आणि विज्ञान यांत वैरच असते, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्रातील उदाहरणही तितकेच उद्बोधक आहे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी अनेक मुले दगावत. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून, रात्री जागून नोंदी केल्या आणि प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा विंचूदंशात उपयोग होतो हे दाखवून दिले. मृत्यूचे प्रमाण त्यामुळे फारच खाली आले. २०२२ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. मोठी प्रयोगशाळा नसतानाही विज्ञान होऊ शकते. त्यासाठी पाहणे, मोजणे आणि लिहून ठेवणे या तीन सवयी लागतात.

विज्ञानाच्या मर्यादाही येथे सांगितल्या पाहिजेत. प्रदेशानुसार सापाच्या विषात फरक पडतो, त्यामुळे औषधाचा गुण सर्वत्र सारखा येत नाही. सह्याद्रीतील चापड्यासारख्या सापांच्या विषावर हे औषध लागू पडत नाही. औषधाची काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रियाही येते. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. या उणिवा विज्ञान स्वतःच सांगते आणि त्या दूर करण्यासाठी झटते. मंत्राची उणीव कबूल करणारा मांत्रिक मात्र क्वचितच आढळेल.

संविधान आणि कायदा

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येकास धर्माचे आचरण करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. मात्र हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना अधीन आहे. आरोग्य हा शब्द घटनाकारांनी तेथे विचारपूर्वक घातला आहे. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१-क समाविष्ट झाला आणि विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन व शोधकबुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. शासनाची धर्मनिरपेक्षता ही या दोन अनुच्छेदांच्या मधोमध उभी आहे. देवळात कोणी जावे वा जाऊ नये, हे शासन सांगत नाही. पण देवळात नेल्यामुळे रुग्णालयात पोहोचावयास उशीर होऊ नये, हे पाहणे शासनाचे कर्तव्य ठरते.

महाराष्ट्राने या दिशेने एक ठाम पाऊल टाकले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अनेक वर्षे ज्या कायद्याचा पाठपुरावा केला, त्याचा अध्यादेश २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर चार दिवसांतच निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. या कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे यांसारखे उपचार करणे हे कृत्य स्पष्टपणे नमूद आहे. त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. प्रार्थना करणे हा गुन्हा नाही. उपचारापासून रोखणे हा गुन्हा आहे.

केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून, २०३० पर्यंत या मृत्यूंचे प्रमाण निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. असे उद्दिष्ट दिल्लीत ठरते, परंतु ते गाठले जाते गावात.

गावाचे काम

पंचायत सदस्यांनी पहिली गोष्ट करावी ती अशी की, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व ग्रामीण रुग्णालयात प्रतिसर्पविष आहे की नाही, याची पावसाळ्यापूर्वीच चौकशी करावी. रात्री गाडी कोणाची मिळेल, त्याची नावे व दूरध्वनी क्रमांक चावडीवर लिहून ठेवावेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक मुलांनाही पाठ असावा. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवूनही रुग्णाला वेळेवर नेता येते. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर कुटुंबास साहाय्य देणाऱ्या राज्याच्या योजनेत सर्पदंशाचा समावेश आहे, हेही पंचायतीने लोकांना सांगितले पाहिजे.

शिक्षकांनी मुलांना प्रथमोपचार शिकवावा. रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये. चावलेला अवयव फळीचा आधार देऊन स्थिर ठेवावा. अंगठी, बांगडी, पैंजण काढून घ्यावेत, कारण पुढे सूज येते. जखम कापू नये, तोंडाने ओढू नये, दोरीने आवळून बांधू नये, तिला कोंबडी लावू नये. आणि तडक रुग्णालय गाठावे. अंधारात विजेरी, शेतात जाताना बूट, जमिनीऐवजी बाज आणि नीट खोचलेली मच्छरदाणी, घरालगत सरपणाचा व गोवऱ्यांचा ढीग नको, एवढ्या दक्षतेनेही अनेक दंश टळतात.

आणि मांत्रिकाचे काय? कोकणातला भगत असो वा मेळघाटातला भूमका, त्याच्या शब्दाला गावात वजन असते. रात्री दोन वाजता लोक प्रथम त्याच्याच दारी जातात. त्याला शत्रू ठरवून ते वजन वाया घालविण्यापेक्षा, प्रशिक्षणासाठी त्यालाच पहिल्या रांगेत बसवावे. आलेल्या माणसाला त्याने ‘आधी दवाखान्यात चला, मीही बरोबर येतो’ एवढे सांगितले, तरी एक जीव वाचू शकतो.

कित्येक गावांत साप चावलेल्या माणसाला मारुतीच्या देवळात नेऊन ठेवण्याची प्रथा आहे. ती प्रथा एका दिवसात मोडणार नाही, आणि मोडण्याच्या भांडणात वेळ घालविण्याचेही कारण नाही. गाडी देवळासमोरूनच जाऊ द्यावी. घरच्या वडीलधाऱ्यांनी देवळात बसून मारुतीरायाची करुणा भाकावी, त्यांच्या मनाला आधार मिळेल. मात्र गाडी तेथे थांबू नये, कारण औषध रुग्णालयात आहे आणि रुग्णाजवळ वेळ थोडा आहे.